दोन जुड्या, दोन श्वास : इसांग युन यांचे दोन ओबोंसाठीचे ‘इन्व्हेन्शन्स’

आपल्या चळवळीचे संगीत म्हटले की आपल्याला आधी शब्द आठवतात. शाहिरी, जलसे, भीमगीते, बुद्धवंदना या सगळ्यांत शब्द पुढे असतो आणि वाद्य त्याच्या मागे चालते. ते योग्यच आहे. ज्यांना शतकानुशतके बोलू दिले नाही, त्यांनी आधी शब्द हाती घेतला. पण शब्द नसलेले संगीत विचार सांगू शकते का, हा प्रश्न आपल्याकडे फारसा चर्चेला येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका रचनेची ओळख करून देत आहोत. फुंकून वाजवायची दोन वाद्ये, दोन वादक, एकही शब्द नाही, आणि तरी पायाशी एक स्पष्ट तात्त्विक विचार.

थोडक्यात ओळख

रचना : ‘इन्व्हेन्शन्स’, दोन ओबोंसाठी. पुढे दोन बासऱ्यांसाठीही (पाश्चात्त्य फ्लूट).
रचनाकाल : ओबोंसाठी १९८३, बासऱ्यांसाठी १९८४.
संगीतकार : इसांग युन (१९१७–१९९५), कोरियात जन्मलेले, पुढे जर्मन नागरिक.
भाग : चार. कंप, घसरण, कणस्वर आणि सुसंवाद.
मूळ विचार : ताओ परंपरेतील यिन-यांग आणि ‘स्थिरतेतील गती’.

ओबो म्हणजे काय?

ओबो हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातले लाकडी सुषिर वाद्य, नात्याने आपल्या सनईचे भावंड. दोन्हींमध्ये वादक तोंडात दुहेरी पत्ती धरतो. फुंकर गेली की पत्तीचे दोन पातळ पापुद्रे एकमेकांवर थरथरतात आणि त्या थरथरीतून स्वर निघतो. एका पापुद्र्याने तो निघत नाही, दोन लागतात.

ओबोची पत्ती नळाची असते. नळ म्हणजे पाणथळ जागी वाढणारे, बोरूसारखे पोकळ आणि उंच गवत. भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणारा नळ या कामासाठी प्रसिद्ध आहे. पाली भाषेतही या गवताला ‘नळ’च म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

दुहेरी पत्तीची वाद्ये आशियाभर आहेत. कोरियात ‘पिरी’ आणि ‘तेप्योंगसो’ आहेत. तेप्योंगसो शेतकऱ्यांच्या लोकसंगीतात वाजते, तसेच बौद्ध विधींतही वाजते. हिमालयातल्या विहारांत ‘ग्यालिंग’ वाजते. लडाख, सिक्कीम किंवा धर्मशाळेला गेलेल्यांनी दोन भिक्खूंना शेजारी बसून, श्वास न तोडता, ग्यालिंगची जोडी वाजवताना ऐकले असेल. म्हणजे अशा दोन वाद्यांचा एकत्र नाद बौद्ध जगाला जुना आहे. युन यांनी त्याच्या युरोपीय भावंडासाठी नवी रचना लिहिली.

संगीतकार कोण होते?

इसांग युन यांचा जन्म १७ सप्टेंबर १९१७ चा. बालपण दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावरील तोंग्योंग या बंदराच्या गावी गेले. तेव्हा कोरिया जपानच्या ताब्यात होता. त्यांनी संगीताचे शिक्षण जपानमध्ये घेतले, आणि त्याच जपानी सत्तेविरुद्धच्या प्रतिकारात भाग घेतल्यामुळे १९४३ मध्ये तुरुंगवास भोगला. महायुद्धानंतर त्यांनी अनाथ मुलांसाठी काम केले, शाळांत शिकवले. १९५६ मध्ये, वयाच्या चाळिशीजवळ पोहोचलेले असताना, ते नवे संगीत शिकायला युरोपात गेले. आधी पॅरिस, मग पश्चिम बर्लिन.

त्या काळच्या युरोपीय आधुनिक संगीताचे तंत्र त्यांनी पूर्ण आत्मसात केले, पण त्यात ते विरघळले नाहीत. स्वराकडे पाहण्याची कोरियाची रीत त्यांनी युरोपीय वाद्यांवर आणली. पुढे ते बर्लिनच्या कला विद्यापीठात प्राध्यापक झाले. आजचे नामवंत जपानी संगीतकार तोशिओ होसोकावा हे त्यांचेच विद्यार्थी.

१७ जून १९६७

कार्यकर्त्यांनी थांबून वाचावा असा हा भाग आहे. १७ जून १९६७ रोजी दक्षिण कोरियाच्या गुप्तचर संस्थेने युन यांना पश्चिम बर्लिनमधून पळवून सोलला नेले. त्यांच्या पत्नीलाही नेले. जर्मनीत राहणारे इतर अनेक कोरियन विद्यार्थी आणि अभ्यासकही या कारवाईत सापडले. पार्क चुंग ही यांच्या राजवटीचा आरोप होता हेरगिरीचा. युन १९६३ मध्ये उत्तर कोरियाला गेले होते आणि तिथली प्राचीन थडग्यांतील भित्तिचित्रे त्यांनी पाहिली होती. ती भेट आरोपाचा आधार बनली. चौकशीत छळ झाला. कोठडीत त्यांनी आत्महत्येचा प्रयत्नही केला. पहिल्या निकालात जन्मठेप झाली. अपिलात ती कमी होत गेली.

तुरुंगात लिहिण्याची परवानगी मिळाल्यावर त्यांनी थंडीत कुडकुडत एक ऑपेरा पूर्ण केला. तो होता फुलपाखराच्या स्वप्नावरचा. आपण फुलपाखरू झालो असे स्वप्न पाहणाऱ्या चिनी तत्त्ववेत्त्या च्वांग-त्सूची ती कथा. थडग्यांतल्या त्याच भित्तिचित्रांवर आधारित ‘इमेजेस’ (१९६८) ही चार वाद्यांची रचनाही तुरुंगवासातलीच. ज्या चित्रांनी शिक्षा दिली, त्यांनाच त्यांनी संगीतात आणले.

बाहेर, जगभरातल्या सुमारे २०० कलावंतांनी त्यांच्या सुटकेसाठी निवेदनावर सह्या केल्या. त्यात स्ट्राविन्स्की, कारायान, स्टॉकहाउझेन, लिगेटी अशी नावे होती. ओबोवादक हाइन्झ होलिगरही होते. पश्चिम जर्मनीच्या सरकारनेही दबाव आणला. फेब्रुवारी १९६९ मध्ये युन सुटले आणि जर्मनीला परतले. १९७१ मध्ये त्यांनी जर्मन नागरिकत्व घेतले. जानेवारी २००६ मध्ये दक्षिण कोरियाच्याच अधिकृत सत्यशोधन समितीने मान्य केले की हे प्रकरण फुगवलेले होते आणि त्यातली कारवाई बेकायदेशीर होती. तोपर्यंत युन जाऊन दहा वर्षे उलटली होती.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सुटकेनंतर युन यांनी उत्तर कोरियाशी संबंध ठेवले. प्योंगयांगमध्ये त्यांच्या नावाने संगीत संस्था उभी राहिली. यावरून दक्षिणेत त्यांच्यावर कडक टीका झाली आणि आजही होते. दोन्ही कोरिया एक व्हावेत ही त्यांची तळमळ होती. पण उत्तरेकडील सत्ताही माणसे चिरडणारीच होती, हे विसरून त्यांचा गौरव करता येणार नाही. व्यक्तिपूजेपासून सावध राहण्याचा बाबासाहेबांचा इशारा इथेही लागू होतो.

ते हयात असताना पुन्हा मायदेशी जाऊ शकले नाहीत. ३ नोव्हेंबर १९९५ रोजी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले. २०१८ मध्ये त्यांच्या अस्थी तोंग्योंगला, समुद्राकाठी आणल्या गेल्या.

मूळ विचार : स्थिरतेतील गती

युन यांची एक उपमा प्रसिद्ध आहे. पाश्चात्त्य संगीतातला स्वर पेन्सिलीच्या रेघेसारखा असतो. सरळ, बारीक, एकसारखा. एकट्या स्वराला तिथे फारसा अर्थ नसतो, अनेक स्वर जोडले की अर्थ येतो. पूर्व आशियातला स्वर कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखा असतो. कुठे जाड, कुठे पातळ, सुरुवातीला ओला, शेवटी कोरडा. एकच स्वर उमलतो, थरथरतो, वळतो आणि विरतो. त्याला स्वतःचे आयुष्य असते.

या विचारातून त्यांनी ‘मुख्य स्वर’ ही रचनापद्धती घडवली. एक लांब स्वर मध्यभागी असतो, आणि त्याच्याभोवती छोटे स्वर येतात, त्याला हलवतात, सजवतात, ढकलतात. दुरून ऐकले तर काही घडत नाही असे वाटते. जवळून ऐकले तर एक क्षणही स्थिर नसतो. यालाच ताओ विचारात स्थिरतेतील गती म्हणतात. यिन आणि यांग, म्हणजे मऊ आणि कठीण, खाली आणि वर, अंधार आणि उजेड, हे एकमेकांचे शत्रू नसून एकमेकांत वाहणारे आहेत, हा त्यामागचा सिद्धान्त.

हिंदुस्तानी संगीत ऐकणाऱ्याला यात परके असे काही वाटणार नाही. मींड, गमक, कण, आंदोलन हे सगळे स्वराला जिवंत ठेवण्याचेच मार्ग आहेत.

चार भाग

‘इन्व्हेन्शन’ हे नाव युरोपीय परंपरेतले. बाखने शिकणाऱ्यांसाठी दोन सुरावटींच्या छोट्या रचना लिहिल्या, त्यांना हे नाव आहे. युन यांनी नाव तेच घेतले आणि आत पूर्वेचा स्वर ठेवला. प्रत्येक भागात स्वराची एकेक हालचाल तपासली आहे.

पहिला भाग कंपाचा. शेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून वाजतात. एक ओबो थरथरतो, दुसरा त्याला उत्तर देतो, कधी दोघे एकत्र थरथरतात.

दुसरा घसरणीचा. एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, आपल्या मींडेसारखे. सनईला उघडी भोके असतात, बोट हळूहळू सरकवले की मींड येते. ओबोच्या भोकांवर धातूच्या चाव्या असतात, त्यामुळे ओठांचा दाब आणि श्वास यांवर बरेच काम करावे लागते. वादकाची कसोटी इथे लागते.

तिसरा कणस्वरांचा. मुख्य स्वराच्या आधी निसटता स्पर्श करून जाणारे छोटे स्वर. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो तसे.

चौथा सुसंवादाचा. आधीच्या तीन भागांत तपासलेल्या हालचालींनंतर दोन स्वर एकमेकांच्या जवळ उभे राहतात. सुसंवाद म्हणजे दोघांनी एकच बोलणे नव्हे. दोघे वेगळे राहून एकत्र असतात.

ही जुगलबंदी नाही. जुगलबंदीत जागच्या जागी सुचते, चढाओढ असते, टाळ्या असतात. इथे प्रत्येक स्वर लिहिलेला आहे. कोणी जिंकत नाही, कोणी साथीला नाही.

दोन वाद्यांच्या नात्याचा विचार युन यांनी आधीही केला होता. १९७७ मध्ये त्यांनी ओबो आणि हार्प यांच्यासाठी वाद्यवृंदासह एक रचना केली. आकाशगंगेने दूर केलेल्या, वर्षातून एकदाच भेटणाऱ्या गुराखी आणि विणकरीण या लोककथेतल्या जोडप्यावर ती आहे. तिच्यामागे तुटलेला कोरिया आहे. १९८० च्या मे महिन्यात ग्वांग्जू शहरात लष्कराने नागरिकांना मारले, त्यावर १९८१ मध्ये त्यांनी वाद्यवृंदासाठी स्मृतिरचना केली. त्यानंतर दोनच वर्षांनी हे ‘इन्व्हेन्शन्स’ आले. शांत वाटणारी ही रचना शांत आयुष्यातून आलेली नाही.

हे बौद्ध संगीत आहे का?

नाही, आणि तसे म्हणण्याचा मोह टाळावा. युन यांनी बौद्ध विषयांवर थेट रचना केल्या आहेत. ‘ओम मणी पद्मे हुम’ (१९६४) आणि ‘नमो’ (१९७१) या त्यांपैकी. पण ओबोंच्या या रचनेमागचा विचार ताओ परंपरेचा आहे. यिन-यांग हे विश्वाच्या घडणीचे तत्त्व म्हणून येते. तथागतांचा प्रतीत्यसमुत्पाद दुःखाचे कारण आणि त्याचा निरोध दाखवण्यासाठी आहे. दोन्ही एकच आहेत असे सांगणे म्हणजे दोघांवरही अन्याय.

तरीही बौद्ध श्रोत्याने आपल्या परंपरेच्या कानाने ही रचना ऐकायला हरकत नाही. पुढचे वाचन आमचे आहे, युन यांचे नाही.

संयुत्त निकायात ‘नळकलापी सुत्त’ आहे. वाराणसीजवळ इसिपतनात सारिपुत्त आणि महाकोट्ठित यांचा संवाद चालला आहे. विज्ञान नामरूपावर अवलंबून आणि नामरूप विज्ञानावर अवलंबून, हे कसे समजायचे? सारिपुत्त उपमा देतात : नळाच्या दोन जुड्या एकमेकींना टेकून उभ्या असाव्यात. एक काढली तर दुसरी पडते. ओबोची पत्ती अक्षरशः अशीच आहे, नळाचे दोन पापुद्रे एकमेकांच्या आधाराने. आणि इथे तर अशा दोन पत्त्या, दोन श्वास. एक थांबला तर दुसऱ्याच्या स्वराचा अर्थच बदलतो.

दुसरा संदर्भ दीघ निकायातल्या ‘सक्कपञ्ह सुत्ता’चा. पञ्चशिख वीणा वाजवून गातो. तथागत त्याची प्रशंसा करतात, ती कशासाठी? तारेचा स्वर गीताच्या स्वरावर मात करत नाही आणि गीताचा स्वर तारेच्या स्वरावर मात करत नाही, यासाठी. भिक्खूंनी गाण्या-बजावण्यापासून दूर राहावे हा नियम आपल्याला माहीत असतो. हा प्रसंग मात्र क्वचित सांगितला जातो. दोन आवाजांनी एकमेकांवर मात न करणे, ही तथागतांनी नोंदवलेली संगीताची कसोटी आहे. समतेची व्याख्याही याहून फार वेगळी नाही.

सनईचा प्रश्न

गेल्या वर्षावासात आम्ही एका विहारात युवकांना या रचनेचा एक भाग ऐकवला. दोन मिनिटांतच एकाने विचारले, “दादा, गाणं कधी सुरू होणार?” सगळे हसले. पण शेवटी एक मुलगा थांबला. त्याचे आजोबा लग्नांत सनई वाजवायचे. मांडवाबाहेर बसायचे, पंगती उठल्यावर जेवायचे. वडिलांनी वाद्य घरातून काढून टाकले. तो म्हणाला, “हे ऐकताना आजोबा आठवले. पण घरी सांगता येणार नाही.”

या वाक्यात आपला इतिहास आहे. फुंकायच्या वाद्याला थुंकीचा आणि चामड्याच्या वाद्याला कातड्याचा विटाळ चिकटवून जातिव्यवस्थेने वादनाचे काम ठरावीक समाजांवर टाकले. होलार, मातंग आणि आपल्याही समाजातील वाजंत्र्यांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कोकणातल्या खालू बाजात सनईच पुढे असते. देवाच्या पालखीपुढे ज्याचे वाद्य चाले, त्याला देवळाच्या पायरीवर जागा नव्हती. म्हणून धम्मदीक्षेनंतर अनेक गावांत आपल्या माणसांनी गावकीचे वाजंत्रीपण सोडले. त्याबद्दल बहिष्कारही सोसला. तो निर्णय स्वाभिमानाचा होता आणि त्याला आमचा नतमस्तक प्रणाम आहे.

पण सोडायची होती ती गुलामी. कला त्या गुलामीसोबत बांधलेली होती, म्हणून तीही गेली. आता बांधणारा दोर तुटला असेल तर कला परत घेता येईल का, हा आजच्या पिढीचा प्रश्न आहे.

सनईच्या पारंपरिक जोडीत एक जण चाल वाजवतो आणि दुसरा ‘सूर’ धरून राहतो. सूर धरणे हेही मोठे कसब आहे, श्वास तोडता येत नाही. पण नाव चाल वाजवणाऱ्याचे होते. युन यांच्या रचनेत चाल एकाची आणि सूर दुसऱ्याचा असे वाटप नाही. त्याच जातकुळीच्या वाद्यावर दोन समान आवाजांचे संगीत लिहिता येते, याचा तो पुरावा आहे. श्रेणीबद्ध विषमता समाजशास्त्राच्या पुस्तकात शिकता येते. तिच्याविना दोन आवाज कसे वागतील, हे कानांनीही शिकता येते.

ऐकायचे कसे, करायचे काय?

ही रचना मागे लावून इतर कामे करण्यासाठी नाही. एका वेळी एकच भाग ऐकावा. पहिल्यांदा फक्त एकाच ओबोचा माग ठेवावा, दुसऱ्यांदा दुसऱ्याचा. तिसऱ्यांदा दोघांच्या मधली जागा ऐकावी. चाल शोधू नये. स्वर कसा उगवतो, बदलतो आणि संपतो एवढेच पाहावे. आनापानसतीचा सराव असणाऱ्यांना हे लवकर जमते, कारण तिथेही श्वासच पाहायचा असतो आणि अनित्यता तिथेच दिसते.

विहारांतल्या युवक मंडळांसाठी आमच्या तीन सूचना आहेत. रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा दहा मिनिटे शब्दांविना संगीत ऐकावे आणि त्यावर बोलावे. आपल्या भागातल्या वृद्ध सनईवादकांना, ते कोणत्याही समाजाचे असोत, सन्मानाने बोलवावे. त्यांचे वादन मोबाइलवर नोंदवून ठेवावे आणि त्यांना कसे वागवले गेले तेही नोंदवावे. आणि शिकू इच्छिणाऱ्या मुला-मुलींसाठी एक सनई विकत घ्यावी. मुलींचा उल्लेख मुद्दाम केला आहे, कारण हे वाद्य त्यांच्या हाती जवळजवळ दिलेच गेले नाही.

त्या मुलाने नंतर आजोबांच्या सनईची चौकशी केली. ती फेकलेली नव्हती, माळ्यावर होती. पत्ती मात्र सुकून फुटली होती. पत्ती नवी मिळते.